‘नोंद आढळून येत नाही’

बऱ्याच वर्षांपूर्वी आईच्या जन्माचा दाखला काढायला एका कार्यालयात गेलो होतो. आई सोबतच होती. लिपिकाने दोन जुन्या नोंदवह्या चाळल्या, तिसरी वाळवीने खाल्ली असे सांगितले आणि एक छापील चिठ्ठी भरून, शिक्का मारून हातात ठेवली : ‘सदर कालावधीत सदर नावाची नोंद आढळून येत नाही.’ आईने ती वाचली आणि विचारले, “म्हणजे मी जन्मलेच नाही का रे?” ती हसत होती, लिपिकही हसला. पुढे पेन्शनच्या कामात त्याच चिठ्ठीने आम्हाला दीड वर्ष फिरवले. आईने थट्टेत लावलेला अर्थच पुढच्या टेबलावर गंभीरपणे लावला गेला होता.

मी संगणकशास्त्र शिकवतो. त्यात ‘ज्ञाननिरूपण’ नावाचा एक विषय आहे. माणसाला जे ठाऊक आहे ते यंत्राला नियमांच्या रूपात कसे सांगावे, आणि त्या नियमांवरून यंत्राने काय निष्कर्ष काढावेत, याचा तो अभ्यास. या विषयात गेली पन्नासेक वर्षे जो वाद चालू आहे तो त्या चिठ्ठीतल्या चार शब्दांचाच आहे. ‘आढळून येत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक करायचा की नाही? करायचा तर कुठे? हा वाद परदेशातल्या विद्यापीठांत घडला खरा, पण तो सगळ्यात चांगला समजतो तो आपल्या पूर्व विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात. तिथे या फरकावर लोकांची घरे आणि शेते उभी आहेत.

संसदेने २००६ साली ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम’ मंजूर केला. सोयीसाठी आपण त्याला वनहक्क कायदा म्हणू. कायद्याचे दीर्घ शीर्षक कोणी वाचत नाही, वकीलसुद्धा ते ओलांडून थेट कलमांवर जातात. या कायद्याचे मात्र वाचावे. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहत असूनही ज्यांच्या हक्कांची नोंद होऊ शकली नाही, अशा लोकांचे हक्क मान्य करण्यासाठी हा कायदा आहे, असे त्यात म्हटले आहे. सरकार स्वतःच्या दप्तराविषयी सांगत आहे, की हे दप्तर अपुरे आहे. शिवाय क्रियापद ‘देणे’ हे नाही, ‘मान्य करणे’ हे आहे. म्हणजे हक्क आधीच होता, वहीत नव्हता.

दप्तर अपुरे का, हे इथला इतिहास पाहिला की कळते. आजचा चंद्रपूर जिल्हा म्हणजे जुना चांदा. तो इंग्रजी अमलात मध्य प्रांतात होता, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पूर्वेकडचा मोठा मुलूख जमीनदाऱ्यांचा. जमीनदाऱ्या मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने संपल्या आणि त्यांच्यातले जंगल सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे सरपण, चराई, बांबू, मोहफुले यांवरचे जुने हक्क ‘निस्तार’ या नावाने ओळखले जात. कुठे ते निस्तार पत्रकात किंवा ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये उतरले, कुठे नुसत्या वहिवाटीत राहिले. चार राज्ये आणि दोन जिल्हे पाहिलेल्या दप्तरात एखाद्या टोल्याची नोंद न सापडणे हे त्या टोल्याबद्दल फारसे काही सांगत नाही. दप्तराबद्दल बरेच सांगते.

आता कायद्याची अट पाहा. अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनात राहत असल्याचे आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असल्याचे दाखवायचे. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असेल तर त्या तारखेपूर्वी किमान तीन पिढ्या, आणि एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे. म्हणजे १९३० सालापर्यंत मागे जायचे. समजा, वैनगंगेकाठच्या एखाद्या जंगलातल्या गावात एक ढिवर कुटुंब आहे. मासेमारी, थोडी धानशेती, तेंदूपाने, मोहफुले यांवर जगणारे. ढिवर अनुसूचित जमातीत येत नाहीत, म्हणून पंच्याहत्तर वर्षांची अट लागू. आजोबांच्या नावाने १९३० चा कागद कुठून आणणार? तहसिलीतून उत्तर येते, नोंद आढळून येत नाही. या उत्तराचे पुढे काय करायचे?

इथे तर्कशास्त्राकडे वळावे लागते.

गणितात वापरतात त्या तर्कशास्त्राला अभिजात तर्कशास्त्र म्हणतात. त्याचे आजचे रूप १८७९ साली गोटलोब फ्रेग या जर्मन गणितज्ञाने घडवले. हे शास्त्र फार सावध आहे. जे दिले आहे त्यावरून जे अटळ आहे तेवढेच ते मानते. बाकी सगळ्याबद्दल त्याचे उत्तर ‘सांगता येत नाही’ असे असते. कुटुंब १९३० साली इथे होते असे कुठे लिहिलेले नाही? मग होते असेही म्हणता येत नाही, नव्हते असेही नाही. आणखी एक गुण असा, की नवी माहिती आली म्हणून जुना निष्कर्ष इथे कधीच मागे घ्यावा लागत नाही. भूमितीतला प्रमेय उद्या नवा त्रिकोण काढल्याने खोटा ठरत नाही, तसेच.

पण रोजचे व्यवहार असे चालत नाहीत. बल्लारशाह स्थानकावरचे वेळापत्रक घ्या. त्यावर असलेल्या गाड्या लिहिलेल्या असतात, नसलेल्या गाड्यांची यादी कुणी लावत नाही. पहाटे तीनला नागपूरची गाडी यादीत नसेल तर आपण ‘नाही’ म्हणतो आणि झोपतो. अभिजात तर्कशास्त्र मात्र फलाटावर बसून राहील. यादीत नाही म्हणजे गाडी नाही, असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

यंत्राला हे व्यवहारी शहाणपण दिले ते लॉजिक प्रोग्रामिंगने. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्से शहरात आलँ कोल्मरोएर आणि फिलिप रुसेल यांनी ‘प्रोलॉग’ ही भाषा तयार केली. तिच्यामागचा तर्कविचार बराचसा एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा. प्रोलॉगमध्ये आपण फक्त नियम आणि तथ्ये लिहायची. प्रश्न विचारला की यंत्र उत्तर शोधू लागते. सगळ्या वाटा शोधून झाल्या आणि सिद्धता सापडली नाही, तर ते ‘नाही’ म्हणते. सापडेना, म्हणून नाही. १९७८ साली एकाच ग्रंथात आलेल्या दोन निबंधांनी या वागण्याला शास्त्रीय बैठक दिली. कीथ क्लार्क यांनी सिद्धतेच्या अपयशातून निघणाऱ्या नकाराचा अर्थ लावला. रेमंड रायटर यांनी ‘बंदिस्त जगाचे गृहीतक’ मांडले : माझ्या वहीत जे आहे तेवढेच जग, वहीबाहेर काही नाही.

हे गृहीतक वाईट नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. त्याच्याविना बँकेचे खातेपुस्तक चालणार नाही, वाचनालयाची नोंदवही चालणार नाही. त्याचा लवचीकपणाही उपयोगी आहे. उद्या नवी गाडी सुरू झाली, यादीत भर पडली, की जुना ‘नाही’ आपोआप मागे घेतला जातो. पण त्याला एक पूर्वअट आहे. वही पूर्ण असली पाहिजे, आणि ती पूर्ण ठेवण्याची जबाबदारी कुणाची तरी असली पाहिजे. रेल्वे आपल्याच गाड्यांची यादी करते. ढिवर कुटुंबाच्या आजोबांची यादी १९३० साली कोण करत होते?

संगणकवाल्यांना हे १९७८ मध्ये जाणवले, पण आपल्या मीमांसकांना ते बाराशे-तेराशे वर्षे आधी नेमके ठाऊक होते. ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान आपल्याला कसे होते? घडा दिसतो, पण ‘नसणे’ डोळ्यांना कसे दिसावे? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेने त्यासाठी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. न आढळणे हेच नसण्याच्या ज्ञानाचे साधन. (प्रभाकराच्या अनुयायांना हे मान्य नव्हते, आणि नैयायिक म्हणत की अभावही प्रत्यक्षानेच कळतो. तो वाद इथे नको.) पुढे या मंडळींनी एक अट घातली, आणि मला ती सगळ्या चर्चेचा गाभा वाटते. अनुपलब्धि ‘योग्य’ असली पाहिजे. घडा असता, तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. दिवा लागलेला हवा, डोळे धड हवेत, घडा दिसण्याजोगा हवा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. भूत दिसले नाही म्हणूनही ते नाही असे सिद्ध होत नाही, कारण ते असते तरी दिसले असते याची खात्री नाही. या शेवटच्या उदाहरणावर वर्गात नेहमी हशा पिकतो.

आजचे वनअभ्यासक हीच अट दुसऱ्या भाषेत पाळतात. ताडोब्यात एका ठिकाणी लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ आला नाही, म्हणून तिथे वाघ नाही असे कुणी लिहीत नाही. कॅमेरा किती दिवस होता, कुठल्या वाटेवर होता, हे आधी विचारतात. आणि ही अट विसरल्यावर काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वनपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर एकही खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला असे बहुतेकांनी धरले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो शहाद्याजवळच्या जंगलात बसलेला सापडला. पाखरू तिथेच होते, बघणारे कमी पडले होते.

तर दोन तर्कशास्त्रे झाली. एक अतिसावध, दुसरे व्यवहारी पण उतावळे. दोहोंची सांगड कशी घालायची?

पहिले मोठे पाऊल मायकेल गेलफंड आणि व्लादिमिर लिफशिट्स यांनी १९९१ च्या निबंधात टाकले. त्यांनी एकाच भाषेत दोन वेगवेगळे नकार ठेवले. त्यांचे गाजलेले उदाहरण रेल्वे फाटकाचे आहे, ते जॉन मॅकार्थी यांच्या नावावर सांगितले जाते. चांदाफोर्ट-गोंदिया मार्गावर जंगलातल्या एखाद्या रुळाशी आपण उभे आहोत असे समजा. नियम पहिला : ‘गाडी येत असल्याचे ठाऊक नसेल, तर रूळ ओलांडा.’ नियम दुसरा : ‘गाडी येत नसल्याचे ठाऊक असेल, तर रूळ ओलांडा.’ धुक्याच्या सकाळी पहिला नियम पाळणारा मरेल. मराठी वाक्यात हा फरक एका अक्षराच्या जागेवर आहे आणि तो कानाला लगेच कळतो. तरी कार्यालयीन मराठीत तो रोज पुसला जातो.

दुसरे पाऊल मला जास्त महत्त्वाचे वाटते. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातले मार्क डेनेकर यांनी २००० च्या सुमारास असे मांडले, की लॉजिक प्रोग्रामचे नियम म्हणजे मुळात व्याख्या असतात. व्याख्येचे नियम त्या भाषेत लिहावेत, आणि जगाविषयीचे बाकीचे सगळे ज्ञान अभिजात तर्कशास्त्रात. व्याख्या बंद, जग उघडे.

यात दोघांचीही गरज का पडते, हे ‘पूर्वज’ या शब्दावरून दिसते. क्षचा पूर्वज म्हणजे क्षचे आई-बाप, किंवा त्यांचा पूर्वज. व्याख्या स्वतःचाच आधार घेत पायरी पायरीने वर चढते, आणि त्या पायऱ्यांनी जो सापडत नाही तो पूर्वज नव्हे. अभिजात तर्कशास्त्राच्या नेहमीच्या चौकटीत (ज्याला प्रथम श्रेणीचे तर्कशास्त्र म्हणतात) ही कल्पना नेमकी पकडताच येत नाही, हे सिद्ध झालेले आहे. प्रोलॉगमध्ये ती दोन ओळींत होते. पण अमक्याचे आजोबा कोण, याची यादी जर अपुरी असेल तर प्रोलॉग त्या माणसाला निपुत्रिक किंवा निर्वंश ठरवून मोकळा होतो. व्याख्या बरोबर होती, चूक तथ्यांची यादी बंद मानण्यात झाली.

ही दोन रूपे कायद्याच्या मसुद्यात आधीपासून आहेत. आपल्याकडच्या कायद्यांत व्याख्या दोन प्रकारे लिहितात. ‘अमुक म्हणजे तमुक’ हा एक प्रकार, आणि ‘अमुक यात तमुकचा समावेश होतो’ हा दुसरा. पहिला बंद, दुसरा उघडा. वनहक्क कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ही व्याख्या ‘म्हणजे’ची आहे. तीन पिढ्या म्हणजे तीन पिढ्या, दोन चालत नाहीत. पण नियम १३ मधली पुराव्यांची यादी ‘समावेश’ची आहे. तीत सरकारी कागदपत्रे आहेत, तशीच घर, बांध, विहीर, दफनभूमी यांसारख्या जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले जबाबही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले, की उपविभागीय वा जिल्हास्तरीय समितीने एकाच विशिष्ट प्रकारच्या कागदाचा आग्रह धरू नये, आणि उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्याला पूरक आहेत, त्याची जागा घेणारी नाहीत.

आता आपले ढिवर कुटुंब पुन्हा घेऊ. व्याख्या बंद आहे, तिच्यात तडजोड नाही. तहसिलीची वही उघडी आहे, कारण कायद्याने पहिल्याच वाक्यात ती अपुरी म्हटली आहे. म्हणून ‘नोंद आढळून येत नाही’ यातून काहीच निघत नाही, ना होकार ना नकार. मग इतर वाटा तपासायच्या. शेजारच्या घरातल्या नव्वदीच्या आजीचा जबाब आहे. जुन्या आमराईच्या कडेला पूर्वजांची जागा आहे. नियम १३ एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायला सांगतो, आणि इथे दोन झाले. त्याच दाव्यात एक बंद वहीसुद्धा आहे. ग्रामसभेच्या बैठकीला निम्मे सभासद हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. हजेरीपटावर सही वा अंगठा नसेल तर तो माणूस गैरहजर. इथे ‘सापडेना म्हणून नाही’ अगदी योग्य आहे. पट त्याच दिवशी, त्याच सभेने, त्याच कामासाठी केलेला असतो. दिवा लागलेला असतो.

यावर वनखात्यातला एखादा प्रामाणिक माणूस म्हणेल, आणि मला तसे म्हणणारे भेटले आहेत, की असे असेल तर कुणालाच कधी नकार देता येणार नाही. काल झाडे तोडून आलेलाही म्हणेल, वही अपुरी आहे. आक्षेप खरा आहे, पण उत्तरही आहे. दुसऱ्या प्रकारचा नकार, ‘नाही असे ठाऊक आहे’ हा, कुणी काढून घेतलेला नाही. कुटुंब अमुक साली अमुक गावाहून आले हे सिद्ध असेल, तर तो पक्का नकार आहे. डिसेंबर २००५ च्या छायाचित्रात त्या जागी दाट जंगल स्पष्ट दिसत असेल, तर शेत असते तर दिसले असते, ही योग्य अनुपलब्धि झाली. फक्त प्रश्न विचारायचा, की त्या छायाचित्राच्या बारकाव्यात मोहाच्या झाडांखालची अर्ध्या एकराची धानबांधी दिसली असती का? आणि जिथे दोन्हीकडून काही ठरत नाही तिथे काय करायचे, हेही कायद्याने सांगून ठेवले आहे. पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही, असे कलम ४(५) म्हणते.

अनिश्चिततेत कोणत्या बाजूला झुकायचे हे ठरवणे धोरणाचे काम आहे, आणि ते मजकुरात उघड लिहिलेले असावे. १९८६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात मरेक सर्गट, कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉगमध्ये उतरवला, तेव्हा त्यांना याचेच चांगले उदाहरण सापडले. ब्रिटनमध्ये टाकून दिलेले नवजात मूल सापडले, तर विरुद्ध काही दाखवले जाईपर्यंत ते नागरिक आई-बापांचे किंवा तिथे स्थायिक झालेल्यांचे मानावे, असे तो कायदा म्हणतो. मुलाच्या बाजूने आईबापाची नोंद नाही, तरी झुकाव मुलाकडे. हा झुकाव प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेला नव्हता, संसदेने ठरवला होता.

आपल्याकडे तो झुकाव मजकुरात एका बाजूला आणि व्यवहारात दुसऱ्या बाजूला आहे. कोणत्याही तक्त्यात दाव्यापुढे शेवटी ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढेच उरते. फेटाळताना कारणे लिहून दावेदाराला कळवावीत असा नियम आहे, पण तक्त्यातल्या ‘नामंजूर’मध्ये कारण दिसत नाही. कागद कमी पडला म्हणून नामंजूर, आणि दावा खोटा ठरला म्हणून नामंजूर, हे दोन्ही एकाच रकान्यात, एकाच आकड्यात मिळतात. मग तो आकडा पुढे चालू लागतो. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना कोणती कार्यपद्धती पाळली, हे राज्यांना विचारले. त्या पंधरा दिवसांत जंगलातल्या गावांवर जे सावट होते, त्याच्यामागची साखळी तर्काच्या भाषेत अशी लिहिता येते : पुरावा सापडेना, म्हणून सिद्ध नाही, सिद्ध नाही, म्हणून हक्क नाही, हक्क नाही, म्हणून अतिक्रमण. पहिल्या पायरीवर वहीविषयीचे विधान आहे, शेवटच्या पायरीवर माणसाविषयीचे. मध्ये कुठेतरी ते बदलले, आणि कुणी बदलले याची नोंद आढळून येत नाही.

दोन तर्कशास्त्रांच्या सांगडीचा आणखी एक धडा बांबूने शिकवला. अभिजात तर्कशास्त्राची एक मोठी अडचण आहे. त्यात एक जरी विसंगती शिरली, तरी त्यातून काहीही सिद्ध करता येते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडपे यांचा समावेश होता, आणि तोडलेला वृक्ष ‘इमारती लाकडा’त मोडत होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात ‘गौण वनोपज’ म्हणजे इमारती लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणाऱ्या सगळ्या वस्तू, आणि त्यांत नाव घेऊन बांबू. म्हणजे तोडलेला बांबू एका कायद्याने इमारती लाकूड, दुसऱ्याने ते नव्हे. (वनस्पतिशास्त्राला विचाराल तर तो गवत.) दोन्ही वाक्ये एका अभिजात तर्कयंत्रात घातली तर ते वनपालाला आणि ग्रामसभेला, दोघांनाही, हवे ते सिद्ध करून देईल. प्रत्यक्षात झाले ते याहून फार वेगळे नव्हते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत हे गाव त्याआधी दोन दशके अभ्यास करत होते. ग्रामसभेने एकमताने निर्णय घेण्याची रीत त्यांनी तेव्हापासून पाळलेली आहे. हक्क मिळाला, पण बांबू विकून बाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायचा कुणी, यावर गाडे अडले. बांबू वृक्ष, म्हणून परवाना खात्याचा, असे एक म्हणणे. बांबू आमचे वनोपज, म्हणून परवाना ग्रामसभेचा, असे दुसरे.

वकिलांकडे यासाठी जुने साधन आहे, आणि तेच लॉजिक प्रोग्रामिंगने नियम, अपवाद आणि अग्रक्रम या रूपात उचलले. वनहक्क कायद्याचे कलम ४(१) ‘त्या त्या वेळी अमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. म्हणजे दोन नियम भिडले तर हा वर. जुना नियम खोटा ठरत नाही, जिथे हक्क मान्य झालेला आहे तिथे तो लागू पडत नाही, एवढेच. हे अपवादाचे तर्कशास्त्र नसते तर पूर्ण कायदाच विसंगतीत बुडाला असता. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असे कळवले. वन अधिनियमातल्या वृक्षाच्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द मात्र नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकमाने गेला. मधली साडेसहा वर्षे तो दोन्हीकडे होता, आणि अग्रक्रमाचा तो एक वाक्यांश हे ओझे पेलत होता. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला, तोही याच काळात, आणि तिथली ग्रामसभाही स्वतः बांबूचा व्यवहार करू लागली.

२७ एप्रिल २०११ रोजी जयराम रमेश मेंढ्यात आले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते. वाहतूक परवान्याचे पुस्तक, ज्याला इकडे सगळे ‘टीपी बुक’ म्हणतात, समारंभाने ग्रामसभेच्या हाती दिले गेले. त्यात क्रमांक घातलेली पाने असतात. किती बांबू, कोणत्या गाडीतून, कुठे, कोणत्या तारखेला, हे ग्रामसभा लिहिते आणि सही करते. रस्त्यात गाडी अडवली गेली आणि तिचा क्रमांक त्या पुस्तकाच्या स्थळप्रतीत नसला, तर परवाना दिलेला नाही असा अर्थ होतो. तिथे कुणाला शंका घ्यायची गरज नाही, कारण ती वही गाव स्वतः लिहिते.